मशीन बोलते तेव्हा: आवाजाबद्दल वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात लिहिलं होतं की मोबाईल, मोटर, गाडी, घरातली मशीन, यांच्या आवाजाबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज तर त्याहून जास्त आले, आणि वाचून एक गोष्ट पक्की झाली की आपल्याकडं लोक मशीन डोळ्यापेक्षा कानानं जास्त वापरतात. हात कामात असतात, डोळ्यावर ऊन असतं, स्क्रीन दिसत नाही, मग उरतो कान. पण मशीन बनवणारे बहुतेक वेळ स्क्रीनवर घालवतात आणि आवाज शेवटच्या दिवशी कुठूनतरी उचलून टाकतात. पत्रं ज्याच्या त्याच्या भाषेत तशीच ठेवली आहेत.

प्रश्न: ताई, आर्वी तालुक्यात माह्यं किराण्याचं दुकान हाये. पेमेंटचा बोलणारा डब्बा घेतला, चांगला हाये, पण बाजाराच्या दिवशी गर्दीत तो एकोणसत्तर बोलला का एकोणऐंशी तेच समजत नाही. मागं एका पोट्ट्यानं त्याच्या मोबाईलवर टिंग वाजवून दाखवलं अन् पैसे आलेच नाही. टिंगवर भरवसा ठेवायचा का नाही, अन् डब्बा एवढं लंबं बोलण्यापेक्षा नुसता बीप काऊन नाही करत?

उत्तर: भाऊ, टिंगचं आधी सांगते. गिऱ्हाइकाच्या मोबाईलमधून येणारा आवाज कशाचाच पुरावा नाही, फोनवर कोणताही आवाज वाजवता येतो आणि कोणतंही हिरवं टिकमार्क दाखवता येतं. तुमच्या डब्ब्यात स्वतःचं सिम आहे, पैसे जमा झाल्याची खबर पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडून सरळ त्या सिमवर येते, मधात गिऱ्हाइकाचा फोन नसतो. म्हणून डब्बा बोलला तरच पैसे आले धरायचे, आणि नेटवर्क नसल्यानं तो गप्प राहिला तर स्वतःच्या अ‍ॅपमध्ये पाहायचं, त्याच्या स्क्रीनवर नाही.

यूपीआय 2016 मध्ये सुरू झालं आणि पहिली काही वर्षं दुकानदार गिऱ्हाइकाचा स्क्रीनशॉट तरी पाहायचा नाहीतर बँकेच्या एसएमएसची वाट पाहायचा. 2019 च्या सुमारास हे बोलणारे डब्बे यायला लागले. माझं स्पष्ट मत आहे की इतक्या वर्षांत गावखेड्यात जी टेक्नॉलॉजी आली त्यात आवाजाचं सगळ्यात नेमकं काम याच डब्ब्यानं केलं. दुकानदार साखर जोखतोय, नजर काट्यावर आहे, एका हातात पुडी आहे, आणि त्याला काही न सोडता काही न उघडता कळतं की पैसे आले. वरून गिऱ्हाइकालाही तेच ऐकू येतं, म्हणजे दोघांत वाद उरत नाही.

बीप काऊन नाही, कारण बीप एवढंच सांगतो की काहीतरी आलं. 5 रुपये आले का 500 हे शब्दच सांगू शकतो. पण नुसते शब्दही चालत नाहीत, कारण कान वळेपर्यंत पहिला शब्द निघून गेलेला असतो. म्हणून डब्बा आधी छोटी धून वाजवतो आणि मग बोलतो. आपल्या गावातली दवंडी अशीच असायची, कोतवाल आधी डफडं वाजवायचा, लोकं दारात आले की मगच काय ते सांगायचा. ती पद्धत अजूनही बरोबर आहे.

आता तुमचं एकोणसत्तर एकोणऐंशी. यात तुमच्या कानाचा दोष नाही. इंग्रजीत एक ते नव्व्याण्णव आकडे बोलायला सत्तावीस शब्दांत भागतं, सिक्स्टी आणि नाईन जोडले की झालं. मराठीत तसं जोडता येत नाही, प्रत्येक आकड्याला वेगळा शब्द, म्हणजे नव्व्याण्णव शब्द वेगळे रेकॉर्ड करावे लागतात. आणि त्यातही सुरुवात सारखी असते, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, फरक पडतो तो शेवटाला. गर्दीच्या गोंगाटात सगळ्यात आधी बुडतात ती स, त, फ सारखी बारीक व्यंजनं, स्वर तेवढे कानापर्यंत येतात. म्हणजे जिथं फरक आहे तोच भाग जातो. बनवणाऱ्यांनी मराठीत रक्कम दोनदा बोलायला पाहिजे, एकदा पूर्ण आणि एकदा आकडे सुटे करून, सहा, नऊ. ओटीपी सांगताना सुटेच सांगतात, मग पैशाला का नको.

तोवर तुम्ही एवढं करा. डब्बा बरण्यांच्या मागून काढून कानाच्या उंचीवर ठेवा, जाळीची बाजू तुमच्याकडं, फ्रिज आणि पंख्यापासून दूर. अ‍ॅपमध्ये भाषा बदलता येते, बाजाराच्या दिवशी इंग्रजी करून पाहा, तिथं साठ का सत्तर हा भाग पहिले येतो. हिंदीनं फायदा नाही, तिथंही उनहत्तर आणि उनासी आहेच. काही डब्ब्यांवर शेवटचं पेमेंट परत ऐकवायचं बटन असतं, तुमच्यावर असेल तर ते वापरायची सवय करा.

प्रश्न: घाटंजी तालुका. वावरातल्या विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवला. फोन लावला का बाई बोलते, मोटर चालू झाली आहे. एक रात्री बाईनं चालू सांगतलं अन् सकाळी पाह्यतो त मोटर जळेल. रिवायंडिंगचा खर्च झाला तो झाला, तुरीचं ओलीतही हुकलं. पहिले मी विहिरीवर उभा राहून आवाजावरूनच ओळखत होतो. स्टार्टरजवळ माईक बसवून फोनवर मोटरचा आवाज ऐकता येईल काय?

उत्तर: तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला, कारण तुमच्याकडं जी माहिती होती ती नव्या मशीननं काढून घेतली आणि बदल्यात एक वाक्य दिलं, तेही अर्धवट.

विहिरीवर उभं राहून तुम्ही काय काय ऐकायचे ते आठवा. आधी स्टार्टरचा खट्ट आवाज, मग मोटर आवाज चढवत चढवत स्पीड घेते, मग पाईपात पाणी आलं की आवाज जरा दबतो, भारी होतो. मोटरला येणाऱ्या तीन वीजतारांपैकी एक, म्हणजे एक फेज, गेली असेल तर खट्ट होतं पण मोटर उठत नाही, जाग्यावर नुसती गुणगुणते, आणि तशीच ठेवली तर काही वेळात वायंडिंग जळतं. पाणी खाली गेलं की आवाज हलका पडतो, मधूनच हवा ओढते, पंपात खडे फिरल्यासारखा कडकड आवाज येतो. हे सगळं न बघता, बिडी पेटवता पेटवता कळायचं. कुणी शिकवलं नव्हतं.

माईकचं मात्र जमणार नाही आणि कारण समजून घ्या म्हणजे कुणी विकायला आला तर फसणार नाही. आपली लाईट 50 हर्ट्झची आहे, हर्ट्झ म्हणजे एका सेकंदाला किती कंपनं, मोटरची जी गुणगुण येते ती त्याच्या दुपटीची, 100 हर्ट्झची. साधा फोन कॉल 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडं पाठवतो, माणसाचं बोलणं समजायला तेवढा पुरतो. म्हणजे तुम्हाला जी गुणगुण ऐकायची ती मुळातच कापली जाते, तिच्या वरचे बारीक सूर तेवढे थोडेफार येतात. आजकालच्या फोरजी कॉलमध्ये पट्टा मोठा आहे पण तिथं दुसरी अडचण, एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट असं समजून फोन तो स्वतःच दाबतो. आणि सबमर्सिबल असेल तर ती पाण्याखाली, माईकला काय ऐकू येणार.

खरी गडबड त्या बाईच्या वाक्यात आहे. तुमचा फोन पोचला, स्टार्टरनं बटन दाबलं, एवढ्यावर ती चालू झाली म्हणून मोकळी झाली. बटन दाबलं जाणं आणि मोटर फिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवीन घ्याल किंवा आहे तोच बदलून घ्याल तेव्हा दुकानदाराला सरळ विचारा की हे मशीन तिन्ही फेजचा करंट मोजतं काय, एक फेज गेली तर स्वतः बंद करतं काय, पाणी संपलं तर म्हणजे ड्राय रनला बंद करतं काय, आणि बंद केल्यावर फोन करून कारण सांगतं काय. चारही गोष्टींना हो म्हणाला तर घ्या, आणि दुकानातच एक फेज काढून दाखवायला लावा.

बनवणाऱ्यांनाही सांगायचं आहे. शेतीची लाईट बऱ्याचदा रात्री येते, माणूस झोपेतून उठून फोन घेतो, आणि मशीन म्हणते नमस्कार, आपले स्वागत आहे. पहिला शब्दच बातमी असावा. चालू. बंद. फेज नाही. आणि चांगल्या बातमीची आणि वाईट बातमीची धून पहिल्याच सेकंदाला वेगळी वाटावी, म्हणजे बाकीचं ऐकलं नाही तरी उठायचं का परत झोपायचं ते कळेल.

प्रश्न: हिंगणघाट. सासूबाईंना आमचं बोलणं नीट ऐकू येतं, टीव्हीही ऐकतात, पण वॉशिंग मशीनची शिट्टी, इंडक्शनचा बीप, मोबाईलची रिंग काहीच ऐकू येत नाही. घरच्यांना वाटतं त्या मुद्दाम लक्ष देत नाहीत. दूध दोनदा उतू गेलं तर बोलणी खावी लागली त्यांना. खरंच असं होऊ शकतं का?

उत्तर: होऊ शकतं, ताई, आणि हे घरच्यांना वाचून दाखवा. वय वाढलं की कान सगळीकडून सारखा कमी होत नाही, वरच्या पट्टीतला, बारीक चिरका आवाज पहिले जातो. बोलण्याचा मोठा भाग खालच्या पट्टीत असतो म्हणून बोलणं कळतं. घरातल्या मशीनमध्ये जो छोटा बझर असतो तो स्वस्त पडतो आणि 2000 ते 4000 हर्ट्झच्या आसपास जोरात वाजतो. तरुण कानाला हाच पट्टा सगळ्यात तेज ऐकू येतो, म्हणून बनवणाऱ्याला तो फार छान वाटतो, त्यानं तपासला तो स्वतःच्या पंचवीस वर्षांच्या कानानं. जपाननं वयस्कर लोकांचा विचार करून घरातल्या वस्तूंच्या आवाजासाठी 2002 मध्येच मानक काढलं आणि 2010 मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय मानकही आलं, पण आपल्या स्वयंपाकघरात त्याचा पत्ता नाही.

मोबाईलचं सोपं आहे. रिंगटोन बारीक किणकिणणारी काढून टाका, ढोलकी किंवा पुरुषाच्या आवाजातलं भजन असलं काहीतरी जाड लावा, सोबत व्हायब्रेशन चालू ठेवा, आणि सेटिंगमध्ये रिंग आली की फ्लॅशलाईट लुकलुकायची सोय असते तीही चालू करा. वॉशिंग मशीन आणि इंडक्शनचा बीप बदलता येत नाही, तिथं मोबाईलचा टायमर लावून तो त्यांच्याजवळ द्या, त्याचा आवाज तरी आपल्या हातात आहे. आणि एकदा कानाची तपासणी करून घ्या, जिल्हा रुग्णालयात होते. दुधासाठी त्यांना बोलणं मात्र आजपासून बंद करा.

प्रश्न: चिमूर तालुका. हरभऱ्यात रानडुक्कर अन् रोही, म्हणजे नीलगाय, येते. स्पीकरवर कुत्र्याच्या भुंकण्याची रेकॉर्डिंग रातभर लावतो. पहिले पहिले पळाले, आता स्पीकरच्या खालीच बसून खाते. आवाज वाढवू काय?

उत्तर: आवाज वाढवून उपयोग नाही भाऊ. जनावर काही दिवसांत शिकलं की हा आवाज रोज येतो, एकाच जागेवरून येतो, तोच तोच येतो आणि त्याच्यामागून कुत्रं कधीच येत नाही. मग त्याच्यासाठी तो आवाज उरतच नाही. रातभर वाजवणं बंद करा हे पहिलं. हालचाल टिपणारा सेन्सर मिळतो, तो लावला की आवाज फक्त जनावर धुऱ्यावर आलं तेव्हाच होईल. दोनचार वेगळे आवाज ठेवा, कुत्रं, माणसाची हाकाटी, फटाका, डब्बा बडवणं, कोणता कधी वाजेल ठरलेलं नसावं, स्पीकरची जागा दर काही दिवसांनी हलवा, सोबत लाईट लागली तर अजून बरं. आणि अधूनमधून त्या आवाजामागं खरंच माणूस, बॅटरी, कुत्रं असं काहीतरी आलं पाहिजे, तेव्हाच धाक टिकतो. पण तुमचा पट्टा वाघाचा आहे, जागलीला एकटं निघू नका.

कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाचं मशीन म्हणून जे विकतात त्यावर पैसे घालू नका. 20,000 हर्ट्झच्या वरचा आवाज हवेत लवकर विरतो आणि पिकाच्या पानापानात अडतो, एकरभर वावराला तो पुरत नाही.

ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे जंगलाभोवतीच्या गावांच्या पट्ट्यात, कॅमेऱ्यात वाघ दिसला की गावाला इशारा देणारी यंत्रणा बसवायला सुरुवात झाली आहे. चांगलीच गोष्ट आहे, पण तिथंही कस इथंच लागणार. गाय दिसली तरी इशारा, कुत्रं दिसलं तरी इशारा असं झालं की गावातले लोक थोड्याच दिवसांत ऐकणं सोडतील, आणि मग ज्या रात्री खरंच वाघ येईल त्या रात्रीही कुणी उठणार नाही.

प्रश्न: वणी, बी.एस्सी. दुसरं वर्ष. दिवसभर फोन टिंग टिंग करत राहतो म्हणून मी सायलेंट ठेवते. पण वीज पडायचा इशारा आला तरी कळत नाही, बाबा वावरात असतात. काय करू?

उत्तर: पूर्ण फोन सायलेंट करू नको, एकेक अ‍ॅपचा आवाज बंद कर. अँड्रॉइड 8 पासून, म्हणजे 2017 पासून, प्रत्येक अ‍ॅपच्या प्रत्येक प्रकारच्या नोटिफिकेशनला वेगळा आवाज देता येतो किंवा बंद करता येतो. शॉपिंग, गेम, रील, ग्रुप सगळे मुके कर. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचं दामिनी अ‍ॅप वीज कुठं पडते आहे ते सांगतं, ते बाबांच्या फोनमध्ये टाक, लोकेशन चालू ठेव आणि त्याला असा आवाज दे जो दुसऱ्या कशालाच नाही. 2023 मध्ये सरकारनं सगळ्यांच्या फोनवर एकदम जोरात वाजणारा टेस्ट मेसेज पाठवला होता आठवतं का, लोक दचकले होते. तो सेल ब्रॉडकास्ट, टॉवरच्या परिसरातल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी येतो, नंबर लागत नाही. त्याचा आवाज मुद्दाम रिंगटोनसारखा नाही, कारण तो ओळखीचा वाटला तर माणूस फोन खिशातच ठेवतो. सेटिंगमध्ये इमर्जन्सी अलर्ट चालू आहे ना ते एकदा पाहून घे.

प्रश्न: पुसद. मी जन्मापासून पाहू शकत नाही, टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या सोयीवर, फोन चालवतो, हा मेसेजही त्यावरच टाईप केला. बँकेच्या एका अ‍ॅपमध्ये बोट फिरवलं की बटन, बटन, बटन एवढंच बोलतं. नवीन अपडेट आलं की कालपर्यंत चालणारं बंद पडतं. घरचे म्हणतात आम्ही करून देतो, पण पिन त्यांना सांगावा लागतो. आमच्यासारख्यांचा कोणी विचार करतं का?

उत्तर: दादा, तुमच्यासाठी आवाज हीच स्क्रीन आहे, आणि बटनाचं नाव न बोलणारं अ‍ॅप म्हणजे तुमच्यासाठी बंद दार. टॉकबॅक 2009 मध्ये आलं, आयफोनचं व्हॉइसओव्हरही त्याच वर्षी. म्हणजे फोनच्या बाजूनं तयारी कधीची झाली आहे. बटनाला नाव देणं हे अ‍ॅप बनवणाऱ्याचं काम आणि ते एका ओळीचं काम आहे. चित्राचं बटन टाकलं की त्याच्यासोबत एक छोटं वर्णन लिहायचं, पैसे पाठवा, मागे जा, बस. ते लिहिलं नाही की टॉकबॅकजवळ बोलायला बटन या शब्दाशिवाय काहीच नसतं. डोळ्यांनी पाहणाऱ्याला ही चूक कधी दिसतच नाही म्हणून ती वर्षानुवर्षं राहते.

टॉकबॅकमध्येच एक सोय आहे, निनावी बटनाला तुम्ही स्वतः लेबल देऊ शकता. ओळखीच्या माणसाला एकदा शेजारी बसवून सगळी बटनं लेबल करून घ्या, पिन टाकायच्या आधीच्या स्क्रीनपर्यंत त्याची मदत पुरे. मोठ्या अपडेटनंतर परत करावं लागतं, हे खरंच त्रासाचं आहे. आणि बँकेला लेखी तक्रार द्या, दिव्यांग हक्क कायदा 2016 चा उल्लेख करून, पोच घ्या. पिन कुणालाच सांगू नका, घरच्यांनाही नाही, तुमचा व्यवहार तुमचाच आहे. रिझर्व्ह बँकेनं जुलै 2014 पासून नवीन बसणारं प्रत्येक एटीएम बोलणारं असावं असं बँकांना सांगितलेलं आहे, पुढच्या वेळी हेडफोन सोबत घेऊन जा आणि एटीएमला जॅक शोधून लावा. नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचंच मनी नावाचं अ‍ॅप आहे, 1 जानेवारी 2020 ला आलं, इंटरनेटशिवाय चालतं, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते बोलून सांगतं आणि कंपनानंही सांगतं, म्हणजे बाजारात गोंगाट असला तरी हाताला कळतं. रस्त्यानं चालताना मात्र दोन्ही कान हेडफोननं बंद करू नका, कान मोकळे ठेवणारे हाडातून ऐकवणारे हेडफोन मिळतात.

प्रश्न: अचलपूर, पॉलिटेक्निक शेवटचं वर्ष. यूएक्स डिझाईन, म्हणजे अ‍ॅप वापरायला सोपं कसं करायचं ते, शिकतेय, ऑनलाईन कोर्समध्ये सगळं रंग, फॉन्ट, बटन एवढंच. आवाजाचं कुठून सुरू करू? प्रोजेक्ट शेतकऱ्यांसाठी करायचा आहे.

उत्तर: तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. दोन नावं आधी लक्षात ठेव. विल्यम गेव्हर यांनी 1986 मध्ये मांडलं की कॉम्प्युटरचे आवाज रोजच्या जगातल्या आवाजासारखे असावेत, म्हणजे शिकावं लागत नाही. नंतर त्यांनी अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरवर तसं करूनही दाखवलं, फाईल निवडली की ठोकल्यासारखा आवाज, फाईल मोठी असेल तर जाड आवाज, लहान असेल तर बारीक. दुसरं नाव मीरा ब्लॅटनर. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये दुसरी वाट सांगितली, छोट्या छोट्या सुरांचे तुकडे बनवायचे, त्यांचा अर्थ ठरवायचा, माणूस तो शिकून घेतो. ही दुसरी वाट तुला कठीण वाटत असेल तर एसटीत बस. कंडक्टरनं एक बेल दिली की थांब, डबल बेल दिली की चल. बेलच्या आवाजात थांबण्यासारखं किंवा चालण्यासारखं काहीच नाही, तरी ड्रायव्हर मागं वळून पाहत नाही आणि इंजिनाच्या घरघरीत, गर्दीत, पावसात ती चुकत नाही. का चुकत नाही ते नीट पाहा. फक्त दोनच अर्थ आहेत, दोन्ही मोजून वेगळे होतात, सुरावर अवलंबून नाहीत, आणि गरज नसताना बेल वाजतच नाही. तुझ्या प्रोजेक्टमध्ये पहिल्या झटक्याला वीस आवाज सुचतील, ते चारवर आण.

मग लॅपटॉप बंद कर आणि जिथं तुझं अ‍ॅप वापरणार तिथं जा. हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, चालू असताना त्याच्या शेजारी उभी राहा, जिनिंगच्या गेटवर कापसाच्या गाड्यांच्या रांगेत उभी राहा, तिथला गोंगाट फोनमध्ये रेकॉर्ड करून घे. तुझा आवाज त्या रेकॉर्डिंगवर वाजवून बघ, ऐकू येतो का, आणि त्याहून महत्त्वाचं, दुसऱ्या आवाजात मिसळतो का. हेडफोनवर जे गोड वाटतं ते सात आठ हजाराच्या फोनच्या छोट्या स्पीकरमधून निघतच नाही, जाड सूर तर अजिबात नाही, म्हणून तपासणी तशाच फोनवर. साठीच्या माणसाला ऐकव, त्याला सांगू नको काय आहे, फक्त विचार की हे ऐकून तुम्ही काय कराल. काय वाटलं हे विचारू नको, सगळे छान म्हणतात.

आणखी एक गोष्ट कोर्समध्ये सापडणार नाही. डोळा मिटता येतो, कान मिटता येत नाही. स्क्रीनवरची जाहिरात न वाचता सोडता येते, आवाज मात्र घरातल्या झोपलेल्या लेकरालाही उठवतो. 2020 मध्ये कोरोनाची कॉलर ट्यून आठव, सुरुवातीलाच खोकल्याचा आवाज होता, पहिल्यांदा लोक सावध झाले, नंतर महिनोन्महिने प्रत्येक कॉलला तेच ऐकून माणसं आकडे दाबून ती टाळायची युक्ती शोधायला लागली, अगदी दवाखान्यात तातडीचा फोन लावतानाही आधी तेच ऐकायचं. म्हणून प्रत्येक आवाज टाकताना स्वतःला विचार की हा वाजला नाही तर कुणाचं काय नुकसान होईल. उत्तर सापडलं नाही तर तो काढ. आणि जो ठेवशील त्याच्यासोबत कंपन किंवा लाईट दे, ज्याला ऐकू येत नाही त्यालाही तीच बातमी मिळाली पाहिजे.

प्रश्न: तेल्हारा तालुका, जि.प. शाळेत शिक्षक आहे. गावात इलेक्ट्रिक स्कूटी वाढल्या, आवाजच येत नाही, शाळा सुटली की भीती वाटते. याला काही नियम आहे का?

उत्तर: सर, चारचाकीसाठी आहे. संयुक्त राष्ट्रांचा 138 नंबरचा नियम 2016 चा, त्यात इलेक्ट्रिक गाडीनं ताशी 20 किलोमीटरपर्यंत आणि रिव्हर्सला स्वतःहून आवाज करायचा, युरोपात जुलै 2021 पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक कारला तो लागू आहे. त्यापेक्षा जास्त वेगाला टायरचाच आवाज पुरतो. हा आवाज वेगाबरोबर चढतो, म्हणजे गाडी येते आहे का थांबते आहे तेही कळतं, आणि तो एकाच सुराची शिट्टी नसून बरेच सूर मिसळलेला सरसर असा ठेवतात, कारण एका सुराची शिट्टी कुठल्या बाजूनं येते ते कानाला पटकन ठरवता येत नाही. दुचाकी त्या नियमात नाही, आणि आपल्या गल्लीत धोका दुचाकीचाच आहे. ग्रामपंचायतीला सांगून शाळेजवळ दोन्ही बाजूला गतिरोधक मागा, स्कूटीवाल्या पालकांना वळणावर हळू घेऊन एक छोटा हॉर्न द्यायला सांगा, आणि परिपाठाला पोरांना सांगा की आवाज आला नाही म्हणजे रस्ता मोकळा असं नाही, दोन्हीकडं पाहूनच निघायचं.